धर, ताण, ये जवळ

"धर गं... ताण गं... ये जवळ."

आधी तो आवाज यायचा, आणि मग गठडीला जग दिसायचं. ती तेव्हा एवढीशी होती, आणि तिचं घर म्हणजे नुकत्याच वाळलेल्या चादरींचा ढीग. ढिगाला ऊब, ढिगाला साबणाचा वास, ढिगात खोल शिरलं की अंधारसुद्धा पांढरा. बाहेर मशीनची धडधड, वाफेची फुसफुस, पाण्याची खळखळ. आणि त्या सगळ्यावरून, नदीवरून पूल जावा तसा मावशीचा आवाज जायचा. धर गं, ताण गं, ये जवळ. ते पुरतं गाणंही नव्हतं आणि नुसती हाकही नव्हती.

आई गेली तेव्हा मावशीने तिला कडेवर घेऊन लाँड्रीत आणलं. कडेवरून उतरली ती पोर थेट ढिगात शिरली. जेवायला तेवढी बाहेर यायची. बोलायची नाही, रडायचीही नाही. इस्त्रीवाल्या बायका म्हणायच्या, ही पोर आहे की गठडी? ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. शाळेत गेलं, कॉलेजात गेलं, पुढे बँडमध्येही गेलं.

मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. पूर्वी ती दोन माणसं म्हणजे दोघी बहिणी, मावशी आणि गठडीची आई. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. ताणून असा झटका द्यायचा की सुरकुत्या पळून गेल्या पाहिजेत. मग दोघींनी चालत एकमेकींकडे यायचं आणि कोपऱ्याला कोपरा द्यायचा. आई गेल्यावर मावशीने समोरच्या भिंतीत दोन हूक ठोकून घेतले, बरोबर बहिणीच्या खांद्याइतके उंच. पलीकडचे कोपरे त्या हुकांना अडकवायचे आणि एकटीने घडी घालायची. ये जवळ म्हणायची तीच, आणि जवळ जायचीही तीच. हूक कुठला येतोय?

ढिगाच्या फटीतून हे सगळं बघताना गठडीला एक गोष्ट पक्की कळली होती. मावशी आईला बोलावते आहे.

मग एके दिवशी, का ते तिचं तिलाही कधी सांगता आलं नाही, ती ढिगातून बाहेर आली. टाचा उंच करून, उड्या मारून तिने हुकांवरचे कोपरे काढले आणि मुठीत धरून उभी राहिली. मावशी नुसती बघत राहिली. मग चादर ताणली, झटका दिला, आणि त्या झटक्यासरशी गठडी दोन पावलं फरफटत पुढे आली. घडी वाकडीतिकडी झाली, पण झाली.

त्या दिवसापासून मावशीचा तो आवाज बंद झाला. पुन्हा तिने कधी धर गं म्हटलं नाही की ये जवळ म्हटलं नाही. हुकांवर ॲप्रन लटकायला लागले. आणि गठडीने मनाशी समजूत करून घेतली, की आईच्या कोपऱ्याला आपण हात लावला म्हणून मावशीची हाक तुटली. विचारायची सोय नव्हती. मावशी दिवसभर बोलायची, साबणावर बोलायची, डागांवर बोलायची, हॉटेलवाल्यांच्या सात पिढ्यांवर बोलायची. पण आईचा विषय निघाला की तिला नेमकं दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

आता गठडी तिशी ओलांडलेली. सकाळी लाँड्रीची गाडी घेऊन हॉटेलांना चादरी पोचवते, आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवते. तिच्या बँडचं नाव 'ओला कोपरा'. लाँड्रीच्या मागच्या बाजूला एक कोपरा आहे, तिथली फरशी कधीच वाळत नाही. तिथे दुसरं काही ठेवता येत नाही म्हणून मावशीने तो या मंडळींना दिला. बँडमध्ये माणसं तीन. बेसवर आणि गायला गठडी. ड्रमवर शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ज्याची बोटं स्टिअरिंगवरही स्वस्थ बसत नाहीत. आणि गिटारवर दातांची डॉक्टर, जी गिटार वाजवते कमी आणि दातांतली घाण काढायच्या आकड्याने तारा खरवडते जास्त. तिला सगळे दातवाली म्हणतात. मावशी तेवढी अदबीने डॉक्टरीणबाई म्हणते, कारण तिची एक दाढ त्याच हातांनी काढली आहे.

तुम्ही वाजवता ते नक्की काय म्हणायचं, असं मावशीने एकदा चहा देता देता विचारलं होतं. पोस्ट-पंक, असं तिघांनी एका सुरात सांगितलं. मावशीचा चेहरा बघून ड्रायव्हरने खुलासा केला.

"मावशी, पंक म्हणजे रागाने दार आपटायचं. आणि पोस्ट-पंक म्हणजे दार आपटून झाल्यावर बिजागरी कशी कुरकुरते, ते बसून ऐकायचं."

"मग बिजागरीला तेल घाला ना," मावशी म्हणाली आणि कप उचलून गेली.

तेव्हा सगळे हसले. मावशीचं हे बोलणं पुढे किती महागात पडणार, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

आधीच्या सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, निम्म्या प्रती ड्रायव्हरच्या नातेवाइकांकडे होत्या, आणि त्यांतल्या काहींवर चहाचे कप ठेवले जात. पण नव्या सिंगलची गोष्टच न्यारी. हे गाणं त्यांना ओल्या कोपऱ्यानेच दिलं होतं. तिथे भिंतीला लागून धुलाईचं सगळ्यात जुनं मशीन होतं, त्याचं नाव लंगडी. कपडे पिळायला लागली की ती दोन पावलं नीट टाकायची, तिसरं पाऊल हवेत तसंच धरायची, आणि आता टेकतच नाही म्हणेपर्यंत धप्पकन टेकायची. धाड्, धाड्, आणि मग श्वास कोंडल्यासारखं काही नाही, आणि मग धुप्प. वर्षानुवर्षं ती तशीच चालत होती. एकदा सरावाच्या वेळी ती मध्येच सुरू झाली, आणि तिला शिव्या घालायच्याऐवजी गठडीची बोटं तिच्यामागून चालू लागली. दातवालीने त्यावर खरवड धरली. ड्रायव्हरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, आपण तर बुवा आता सुट्टीवर. लंगडीच्या तालावर गाणं उभं राहिलं, उंच, खरखरीत, आणि असं नाचरं की दातवालीने आयुष्यात पहिल्यांदा कंबर हलवली.

फक्त शब्द नव्हते. म्हणजे होते, पण गठडी ते सांगत नव्हती. सरावाला ती त्या जागी नुसतं हूं हूं करायची. कारण लंगडीची दोन पावलं पडली आणि तिसरं हवेत लटकलं, की तिच्या ओठांवर एकच गोष्ट यायची. धर गं. ताण गं. आणि मग तो अडलेला श्वास. आणि मग ये जवळ. ते त्या तालात असं बसायचं, जणू त्याच्यासाठीच बेतलेलं. बसणारच, मावशी ते लंगडीच्या शेजारी उभी राहूनच तर म्हणायची. पण ती हाक आईची होती. ती एकदा आपल्यामुळे तुटली. आता ती उचलून बाजारात मांडायची, तीही मावशीच्या देखत, तिच्याच छपराखाली? आणि ती नसेल तर त्या गाण्यात उरतं काय? बाकीच्यांनी विचारलं की गठडी म्हणायची, रविवारी सांगते.

रविवारी रेकॉर्डिंग होतं. गावात जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान होतं. त्याचा मालक, रेकॉर्डवाले काका, वर्षातून दोन-चार सिंगल स्वतः काढायचे. लाँड्री बंद असेल तेव्हा टेपचं यंत्र घेऊन येतो, म्हणाले. सोमवारी सकाळी टेप रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्यात पोचली पाहिजे, नाहीतर आपला नंबर गेला आणि मग थेट पुढच्या वर्षी.

रविवारी सगळे वेळेवर हजर. काकांनी एक माईक लंगडीसमोर लावला, एक छताच्या पाइपला टांगला. ड्रायव्हरने ड्रमवर टॉवेल पसरले. मावशी दारात उभी होती, हातांची घडी घालून, आणि तिच्या चेहऱ्यावर आज काहीतरी वेगळं होतं. लहान मूल पाठीमागे काही लपवून उभं राहावं, तसं.

गठडीने लंगडीत ओल्या चादरी भरल्या आणि बटण दाबलं. पाणी भरलं, पाणी गेलं. पिळणं सुरू झालं.

मशीन नुसतं गुणगुणलं.

एकसारखं, मऊ, लोण्यातून सुरी फिरावी तसं. धाड् नाही, धुप्प नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दातवालीने वाकून मशीनला कान लावला, मग डॉक्टरला शोभेल अशा खिन्न चेहऱ्याने मान वर केली.

"मिस्त्रीला बोलावलं होतं," मावशी म्हणाली. तिला आता आनंद आवरेना. "परवा, गठडी गाडी घेऊन गेली तेव्हा. बेअरिंग नवीन, खालची रबरं नवीन. तुम्ही गाणं भरणार आणि ही मेली मध्ये मध्ये खोकणार. म्हटलं, करून टाकावं एकदाचं औषध."

तिला खरं सांगायची कुणाची छाती होईना. दातवाली म्हणाली, अगदी तरुण झाली हो ती. काका म्हणाले, असं मशीन हल्ली बघायला मिळत नाही. ड्रायव्हर म्हणाला फारच छान, आणि ते त्याने अशा आवाजात म्हटलं की बस पंक्चर झाल्यावर तो मुलांना काय सांगत असेल ते सगळ्यांना कळलं. गठडीने मावशीला मिठी मारली. मावशी खूश होऊन चहा टाकायला गेली. ती वळताच चौघंही लंगडीवर तुटून पडले.

चादरी काढून एकाच बाजूला ओलं घोंगडं कोंबलं. नवीन रबरांनी ते पचवलं. घोंगड्यात दातवालीचे बूट गुंडाळून टाकले. मशीनने क्षणभर विचार केला, आणि पुन्हा गुणगुणायला लागलं. ड्रायव्हरने खालून लाकडाचा ठोकळा सरकवून बघितला. काका म्हणाले, ताल गेला तरी चालेल, पण पाय शाबूत ठेवा. मग ड्रायव्हर म्हणाला, मीच वाजवतो, इतके दिवस ऐकलंय. त्याच्या फोनवर सरावाचं रेकॉर्डिंगही होतं, पण त्यात लंगडी म्हणजे पत्र्याच्या डब्यात उंदीर सोडल्यासारखी. तरी त्याने काठ्या उचलल्या. धाड्, धाड्, थांबला, धुप्प. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी सगळं चुकत होतं.

"हे लंगडणं नाही," काका म्हणाले. "लंगडण्याची नक्कल आहे."

चहाचा ट्रे घेऊन मावशी आली, तेव्हा दातवाली अनवाणी उभी होती आणि मशीनच्या पोटातून बूट बाहेर येत होते.

मावशीने ट्रे ठेवला. बुटांकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, मग एकेकाच्या चेहऱ्याकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. गठडीने सगळं सांगून टाकलं: गाणं लंगडीवर उभं आहे, तिच्या लंगडण्यावरच उभं आहे, आणि उद्या टेप गेली नाही तर वर्षभर काही नाही. सांगताना ती मावशीच्या हातांकडे बघत होती. ते हात ॲप्रनला पुसले जात होते, कोरडे असूनही.

मावशीने ओले बूट उचलून फरशीवर जोडीने ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या गायिकेचा घसाच बरा केला म्हणायचा."

आधी ड्रायव्हर हसला, मग दातवाली, मग कुणालाच हसू आवरेना. काका तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मावशी मात्र हसली नाही. ती ड्रायव्हरला म्हणाली, वाजव बघू पुन्हा. त्याने वाजवलं. मावशीने मान हलवली. असं नव्हतं ते. कसं होतं, असं विचारलं तर तिला सांगता येईना. तोंडाने करून बघितलं, जमेना. टाळ्या वाजवून बघितल्या, त्याही धावत सुटल्या. स्वतःवरच चिडून तिने घडीच्या टेबलावरून एक मोठी ओलसर चादर ओढली, हुकांवरचे ॲप्रन खाली टाकले, चादरीचे दोन कोपरे अडकवले आणि ताणली. झटका दिला. चादर फाडकन वाजली. पण पुढे काही सरकेना. हूक आपला ढिम्म.

"हा ओढत नाही," मावशी पुटपुटली. "समोरून ओढ लागते."

गठडीच्या खांद्यावर बेस होता. तिने तो काढून भिंतीला टेकवला, हुकांपाशी गेली आणि कोपरे हातात घेतले.

इतक्या वर्षांत दोघींनी मिळून किती चादरींच्या घड्या घातल्या असतील, ते देव जाणे. पण इस्त्री करून घडी घालणारा मोठा रोलर आल्यापासून ते काम सुटलं होतं. तरी हातांना आठवण होती. मावशीने धरलं, गठडीने धरलं. ताणलं, चादर फाडकन वाजली. पुन्हा ताणलं, फाडकन. आणि मग दोघी थांबल्या. कुणी खूण केली नाही, कुणी मोजलं नाही. चादर दोघींच्या मध्ये श्वास भरून फुगली, तेवढा वेळ त्या थांबल्या, आणि ती खाली बसताच एकमेकींकडे आल्या. पावलं ओल्या फरशीवर पडली. धुप्प.

"हीच," ड्रायव्हर कुजबुजला. "हीच ती."

काकांनी कधी यंत्र सुरू केलं ते कुणाला कळलं नाही. त्यांनी फक्त हाताने खुणावलं, चालू द्या. दोघी मागे सरकल्या, पुन्हा ताणलं. फाडकन, फाडकन, फुगलेला श्वास, धुप्प. ड्रायव्हर हळूच त्यात उतरला, टॉवेलवर, जेमतेम ऐकू येईल इतपत. दातवालीने अनवाणी पायाने गिटारचं पेडल दाबलं आणि आकडा तारांवर टेकवला. भिंतीच्या आत कुणीतरी मोठ्ठी चेन उघडतंय असा आवाज निघाला, आणि तो चादरीच्या तालावरून उड्या मारत वर गेला. चादर वाजत होती, फरशी वाजत होती, वाफेचा पाइपसुद्धा मधूनच टण्णकन आपलं मत देत होता. गठडीला हसू फुटत होतं. समोर मावशीच्या कपाळावर घाम आला होता आणि गालांवर लाली, आणि ती गेल्या कित्येक वर्षांत दिसली नव्हती इतकी तरुण दिसत होती. गठडी हसत होती, आणि हसता हसताच, ठरवायच्या आधीच, तिच्या तोंडून गेलं:

"धर गं... ताण गं..."

मावशीचा हात सुटला.

चादर एका बाजूने खाली गेली. एक फाडकन वाजलंच नाही. तालात एवढा मोठा खड्डा पडला की ड्रायव्हरच्या काठ्या हवेत राहिल्या आणि फक्त दातवालीची तार वेड्यासारखी किणकिणत राहिली. झालं, गठडी मनात म्हणाली, दुसऱ्यांदा तोडलीस.

मग मावशीने वाकून कोपरा उचलला. गठडीकडे न बघता तो मुठीत घट्ट धरला. आणि ओढलं, असं ओढलं की गठडी दोन पावलं पुढे आली.

"ये जवळ," गठडी गायली. आवाज तिला तिचा वाटेना. तो थेट ढिगातून आला होता.

चादरी संपेपर्यंत ते चाललं. मग काकांनी बटण दाबलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. बेस नंतर वेगळा वाजवून टेपवर चढवला, दातवालीचे बूट वाफेच्या पाइपवर वाळत घातले, चहा पुन्हा गरम केला. गार झालेला चहा प्यायलाही कुणाची हरकत नव्हती, पण मावशीची होती. ती आत गेली आणि बराच वेळ स्टोव्हशी भांडत बसली. खड्डा पडलेला भाग पुन्हा वाजवायचा का, असं ड्रायव्हरने विचारलं. काका म्हणाले, त्या खड्ड्याला हात लावलात तर मी टेप घेऊन पळून जाईन.

गाण्यातल्या त्या हाकेवर मावशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. डागांवर बोलली, हॉटेलवाल्यांवर बोलली, लंगडीला आता काय म्हणायचं यावरही बोलली. तिने 'सरळी' असं नाव सुचवलं, ते कुणी घेतलं नाही. गठडी रोज गाडी घेऊन जायची आणि वाटेत मनाशी वाक्यं जुळवायची. माफ कर मावशी, ती हाक माझी नव्हती. घरी येईपर्यंत वाक्य पार चुरगळून जायचं.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, काका रेकॉर्डींचं खोकं आणि छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन लाँड्रीतच आले. ड्रायव्हर शाळा सुटायच्या आधीची मोकळीक साधून आला, बस दारातच लावून. दातवाली एका रुग्णाला इंजेक्शन देऊन, त्याचं तोंड सुन्न होईपर्यंत म्हणून आली. तिला घाई होती. इस्त्रीच्या टेबलावर प्लेअर ठेवला. काळ्या कव्हरवर पांढऱ्या ढिगाचं चित्र होतं आणि खाली नाव, 'ये जवळ'. मावशीने ते उलटसुलट करून पाहिलं, डाग नाही ना याची खात्री केल्यासारखं.

सुई टेकली. आधी ओल्या फरशीचा आवाज, मग फाडकन, फाडकन, तो अडलेला श्वास, आणि धुप्प. इस्त्रीवाल्या बायका डबे हातात घेऊन जवळ आल्या. एकीचा पाय हलायला लागला, मग दुसरीचा. दातवालीच्या गिटारची ती चेन उघडल्यासारखी खरवड निघाली, बेस तिच्या पोटाखालून शिरला, आणि बघता बघता त्या बायकांनी डब्यांवर चमच्यांनी ताल धरला, त्या लंगड्या तालाला अजिबात न चुकता. त्या रोज त्याच तालावर तर जेवत आल्या होत्या. ड्रायव्हर टेबलाभोवती एका पायावर उड्या मारत होता. काका नाचत नव्हते, पण त्यांची मान नाचत होती. बाहेरून एका गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी बस हलवा म्हणत होतं. तोसुद्धा गाण्यात बसला.

आणि मग तो खड्डा आला. गठडीचा आवाज, धर गं, ताण गं, आणि मग काहीच नाही.

"इथे माझा हात सुटला," मावशी म्हणाली.

गाणं पुढे निघालं. ते संपलं, तशी बायकांनी पुन्हा लावा म्हणून गलका केला. काकांनी पुन्हा लावलं. त्या गोंधळात मावशीला दुसऱ्या खोलीतलं काम आठवलं. ती उठून मागे ओल्या कोपऱ्यात गेली, आणि या वेळी गठडी तिच्यामागून गेली.

मावशी हुकांपाशी उभी होती. तिथून गाणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"मावशी, राग आला का गं?" गठडी म्हणाली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "आईची हाक होती ती. तू आईला बोलवायचीस. मी कोपरा धरला आणि तू थांबलीस. आणि आता मी ती गाण्यात घातली."

मावशी वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या डागाकडे बघून हा कसला डाग म्हणून कोड्यात पडावं, तसं काहीतरी होतं.

"आईला?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तू असं समजत होतीस?"

गठडीने मान डोलावली.

"अगं, तुझी आई गेली, हे माझ्याएवढं कुणाला माहीत होतं? तिला कशाला बोलावू?" मावशीने हुकावरून बोट फिरवलं. "ढिगात तू होतीस. तुला नावाने हाक मारली की तू आणखी आत शिरायचीस. ओढून काढायचं तर जीव होईना. मग हुकाला सांगायचे. म्हटलं, मी हुकाशी बोलतेय असं वाटलं तर ऐकशील तरी. रोज सांगायचे. तुला थेट बोलले नाही कधी, कारण वाटलं, तू म्हणशील ही आता आईची जागा घ्यायला निघाली."

भिंतीपलीकडे खड्डा येऊन गेला. चमचे थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"मग नंतर कधीच का नाही म्हटलंस?" गठडीने विचारलं.

"वेडे," मावशी म्हणाली, "तू आलीस ना. आलेल्या माणसाला किती वेळ ये ये म्हणायचं?"